ब्लॅकबेरी: एका काटेरी झुडपाची वंशावळ
(स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांच्या नावाने बोलायचं तर एखाद्या झाडाविषयीच बोलावं असं मला वाटलं, आणि मी ब्लॅकबेरी निवडली. हे फळ आपलं नव्हे. युरोपात ते कुंपणाकुंपणाला उगवतं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची मोठी शेती आहे. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या दुकानांत प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ते दिसतं, आणि भाव विचारला की बहुतेकजण डबी परत ठेवतात. अशा महागड्या फळाच्या जाहिरातीत हल्ली ‘सुपरफूड’ हा शब्द हमखास असतो. हा शब्द कितपत खरा, ते आज पाहायचं आहे. पण माझा जास्त वेळ जाणार आहे तो त्या डबीमागच्या माणसांवर. कारण या फळात जे काही मोलाचं आहे, ते एकाने टाकलेलं रोप दुसऱ्याने उचललं आणि एका देशाने जपलेली काडी दुसऱ्या देशाने मागून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आलं आहे.

आधी फळ हातात घेऊ. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुलातली, रुबस प्रजातीतली. तिच्या एका फुलात पुष्कळ स्त्रीकेसर असतात, आणि प्रत्येकाचं एकेक इवलंसं रसाळ फळ होतं. त्या प्रत्येक मण्याच्या पोटात स्वतःची कठीण बी असते. हे सगळे मणी मधल्या पांढरट गाभ्याला चिकटून बसतात. ब्लॅकबेरी खुडली की गाभा फळाबरोबर निघून येतो. रासबेरी खुडली की तो झाडावरच राहतो आणि हातात पोकळ टोपी येते. दोघींमधला फरक ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. तुतीशी मात्र तिची गल्लत करू नये. तुती दिसते अशीच, पण ती अनेक फुलांची मिळून झालेली असते आणि तिचं कुल वड-उंबराचं आहे.

पिकण्याचीही एक गंमत आहे. हिरवी ब्लॅकबेरी लाल होते, मग काळी चकचकीत. ती चकाकी पाहून हात पुढे जातो, पण तेव्हा फळ आंबट असतं. दोन-तीन दिवसांनी चकाकी जाऊन काळा रंग जरा मंद होतो, मणी फुगतात, आणि बोट लावताच फळ सुटून येतं. खरी गोडी तेव्हाची. खुडल्यावर हे फळ पुढे पिकत नाही. आंब्यासारखं अढीत घालून काही साधत नाही. म्हणून दूरच्या बाजारासाठी ते चकचकीत असतानाच खुडतात, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला खरी ब्लॅकबेरी चाखायलाच मिळत नाही.

झुडपाचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण जमिनीवरच्या फांद्यांना दोनच वर्षांचं आयुष्य. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी फुलं-फळं, आणि मग ती फांदी वाळून जाते. शेजारी नव्या फांद्या वर आलेल्याच असतात. छाटणीचं सगळं तंत्र या दोन पिढ्या ओळखण्यात आहे.

माणूस हे फळ फार पूर्वीपासून खात आला आहे. डेन्मार्कमध्ये जटलंडच्या दलदलीत १८३५ साली एका स्त्रीचा मृतदेह सापडला. तो सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. तिच्या पोटात शेवटच्या जेवणाचे अवशेष होते: भरड धान्य आणि ब्लॅकबेरी. इंग्लंडच्या खेड्यांत अशी समजूत आहे की सप्टेंबरअखेरच्या सेंट मायकेलच्या सणानंतर ब्लॅकबेरी खाऊ नये, कारण त्या दिवशी सैतान स्वर्गातून खाली पडला तो याच काट्यांत, आणि रागाने तो फळांवर थुंकला. यामागे अनुभव आहे. तिकडच्या शरदात पाऊस आणि गारठा वाढला की फळांवर करडी बुरशी चढते आणि ती पचपचीत होतात. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागेपर्यंत आवळा-बोरं खाऊ नयेत म्हणतात. फळाचा हंगाम सणाशी बांधून ठेवायची रीत दोन्हीकडची सारखीच.

आता पोषण. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ताज्या ब्लॅकबेरीत सुमारे ८८ ग्रॅम पाणी आणि ४३ कॅलरी असतात. साखर जेमतेम ५ ग्रॅम. तंतुमय पदार्थ मात्र ५.३ ग्रॅम, म्हणजे साखरेपेक्षाही थोडे जास्त. गोड लागणाऱ्या फळात असं क्वचित आढळतं, आणि माझ्या मते ब्लॅकबेरीचा पहिला गुण हाच. प्रौढ माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. वाटीभर ब्लॅकबेरीतून त्याचा चांगला पाचवा हिस्सा मिळतो. यातला बराच भाग बियांचा आहे. दातांत अडकतात म्हणून लोक गर गाळून घेतात, आणि गाळणीत जे उरतं ते टाकून देतात. त्यातच तंतू असतात, आणि बियांच्या तेलातली मेदाम्लंही तिथेच राहून जातात.

क जीवनसत्त्व २१ मिलिग्रॅम. हे वाईट नाही, पण आपल्या पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं आणि आवळा तर त्याहून पुढे. तेव्हा क जीवनसत्त्वासाठी कुणी परदेशी डबी घेत असेल तर त्याने पेरू घ्यावा, असं मी स्पष्टच सांगते. के जीवनसत्त्व सुमारे २० मायक्रोग्रॅम, फोलेट २५ मायक्रोग्रॅम, पोटॅशियम १६२ मिलिग्रॅम. मँगनीज साधारण ०.६५ मिलिग्रॅम, आणि हा आकडा खरोखर लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण दिवसाची गरज दोन-सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास असते.

राहिला काळा रंग. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. आपल्या जांभळाचा रंगही त्याच जातकुळीचा. जोडीला एलॅजिटॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात. ‘सुपरफूड’ या शब्दाचा सगळा डोलारा यांच्यावर उभा आहे. परीक्षानळीत ही द्रव्यं ऑक्सिडीकरण जोरात थोपवतात, हे खरं आहे. पण परीक्षानळी म्हणजे पोट नव्हे. अँथोसायनिनचा थोडासाच भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो. एलॅजिटॅनिनवर आतड्यातले जिवाणू काम करतात आणि त्यांतून युरोलिथिन नावाची वेगळी द्रव्यं तयार होतात. ती किती होतील हे त्या-त्या माणसाच्या आतड्यात कोणते जिवाणू नांदतात यावर ठरतं. काहींच्या आतड्यात ती फारशी होतच नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याने पूर्वी पदार्थांच्या ऑक्सिडीकरणविरोधी शक्तीचा एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. विक्रेते त्या आकड्यांचा गैरवापर करू लागले आणि त्या आकड्यांवरून शरीराला काय फायदा होतो ते सांगता येत नाही, म्हणून २०१२ साली त्याच खात्याने तो तक्ता मागे घेतला. जाहिरातींनी मात्र ‘सुपरफूड’ हा शब्द सोडला नाही. ब्लॅकबेरी कर्करोग बरा करते किंवा मधुमेह घालवते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते कमी साखरेचं, भरपूर तंतूंचं, चविष्ट फळ आहे. एवढी शिफारस पुरेशी आहे. गोठवलेलं फळ पोषणाला फारसं उणं पडत नाही, जॅम मात्र पडतो. शिजवताना आणि पुढे बरणीत राहून त्याचा रंग उतरत जातो आणि साखर वरून पडते ती वेगळीच.

आता वळते ती संकरित वाणांकडे, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

कॅलिफोर्नियात सांताक्रूझ इथे जेम्स हार्वे लोगन नावाचे एक न्यायाधीश होते. कोर्टाचं काम संपलं की ते बागेत असत. त्यांच्याकडे ‘ऑगिनबॉ’ नावाची पश्चिम किनाऱ्यावरची ब्लॅकबेरी होती. त्या किनाऱ्यावरच्या रानटी ब्लॅकबेरीत नर आणि मादी झुडपं वेगळी असतात. ‘ऑगिनबॉ’ मादी, म्हणजे पराग दुसऱ्या कुणाकडून आल्याशिवाय तिला फळ धरणार नाही. लोगन यांनी तिच्या शेजारी दुसरी एक ब्लॅकबेरी लावली, दोघींचा संकर व्हावा म्हणून. जवळच ‘रेड अँटवर्प’ नावाची रासबेरीही होती. १८८१ साली त्यांनी ‘ऑगिनबॉ’ची बी पेरली. शंभराच्या आसपास रोपं उगवली, आणि त्यांतलं एक अगदी वेगळं निघालं: लांबोडकी, गडद लाल फळं, चव आंबट आणि वास रासबेरीचा. मधमाशीने पराग शेजारच्या रासबेरीवरून आणला होता. हीच लोगनबेरी.

हे घडणं किती दुर्मीळ होतं ते गुणसूत्रांचा हिशेब मांडल्यावर कळतं. रुबस प्रजातीत मूळ संच सात गुणसूत्रांचा. रासबेरीत असे दोन संच, म्हणजे चौदा गुणसूत्रं. ‘ऑगिनबॉ’मध्ये आठ संच, म्हणजे छप्पन्न. नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपली अर्धी गुणसूत्रं द्यायची: अठ्ठावीस आणि सात, मिळून पस्तीस. म्हणजे पाच संच. विषम संख्येत जोड्या नीट लागत नाहीत, आणि असं रोप बहुधा वांझ राहतं. पण त्या रासबेरीच्या एका परागकणात विभागणीच झाली नव्हती. त्याने आपली चौदाच्या चौदा गुणसूत्रं आणली. अठ्ठावीस आणि चौदा, बेचाळीस. सहा संच, सगळ्या जोड्या जुळल्या, फळ धरलं, बी रुजली. लोगन यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, गुणसूत्रांचं शास्त्र तेव्हा जन्मायचं होतं. त्यांनी एवढंच केलं की शंभर रोपांतलं वेगळं रोप ओळखलं आणि ते उपटलं नाही. रोपवाटिकेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वेगळं दिसणारं रोप बहुतेक वेळा तणाबरोबर उपटलं जातं.

त्याच काळात, त्याच कॅलिफोर्नियात, सांता रोझा गावी वनस्पतींचे नवे वाण घडवणारे ल्यूथर बरबँक होते. मराठी वाचकांना हे नाव वेगळ्या वाटेने माहीत असेल: परमहंस योगानंदांनी आपलं आत्मचरित्र त्यांनाच अर्पण केलं आहे. बरबँक यांच्याकडे भारतातून देवाणघेवाणीत काही बी आलं. त्यातून वाढलेल्या जोमदार ब्लॅकबेरीला त्यांनी ‘हिमालया जायंट’ असं नाव देऊन १८८५ साली बाजारात आणलं. हिमालयाशी तिचा संबंध नाही. तिचं मूळ स्थान आर्मेनिया आणि उत्तर इराण. नाव मात्र आजतागायत टिकून आहे. फळं मोठी आणि गोड, म्हणून लोकांनी ती हौसेने लावली. फांदी वाकून तिचं टोक जमिनीला टेकलं की तिथेच मुळं फुटतात आणि नवं झुडूप उभं राहतं. पक्षी बी नेतात ते वेगळंच. आज ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत नदीकाठ आणि माळरानं या काट्यांनी गिळली आहेत, आणि ती उपटण्यावर तिथे दरवर्षी माणसं आणि पैसा खर्च होतो. उत्तम फळ आणि त्रासदायक तण एकाच झाडात असू शकतं. बाहेरचं झाड आणताना ही गोष्ट विसरता कामा नये.

आता एक वेगळी कथा. १९२० च्या दशकात रुडॉल्फ बॉयसन नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी रासबेरी, ब्लॅकबेरी, लोगनबेरी अशा वाणांच्या मिश्रणातून मोठं जांभळट-लाल फळ देणारा एक वेल तयार केला. पण त्यांचं त्यात मन टिकलं नाही आणि प्रयोग सुटून गेला. अमेरिकेच्या कृषी खात्यातले जॉर्ज डॅरो यांच्या कानावर त्या फळाची वार्ता गेली. ते दक्षिण कॅलिफोर्नियातले शेतकरी वॉल्टर नॉट यांना बरोबर घेऊन शोधायला निघाले. बॉयसन यांच्या जुन्या शेतात तण माजलं होतं, आणि त्यात काही मरतुकडे वेल तग धरून होते. ते उचलून ब्यूना पार्क इथल्या नॉट यांच्या शेतात लावले, खतपाणी केलं, आणि फळं आली ती थक्क करणारी. १९३२ साली नॉट यांनी ती विकायला काढली. त्यांनी फळाला स्वतःचं नाव दिलं नाही. ज्याने ते घडवलं आणि सोडून दिलं त्याच्या नावाने बॉयसनबेरी म्हटलं. मला नॉट यांचा हा मोठेपणा फार मोलाचा वाटतो. आज या फळाची सगळ्यात मोठी शेती न्यूझीलंडमध्ये होते.

ओरेगॉनमधल्या कॉर्व्हालिस इथे जॉर्ज वाल्डो हे कृषी खात्याचे संशोधक काम करत. त्यांनी लोगन यांच्याच बागेतला ‘ब्लॅक लोगन’ आणि लुइझियानातल्या यंग यांचा ‘यंगबेरी’ यांचा संकर केला. त्यातून ‘ओलाली’ हा वाण आला. ‘यंगबेरी’च्या रक्तात बरबँक यांचा ‘फिनॉमिनल’ होता. दुसरीकडे ‘चेहेलम’ नावाचा वाण होता, आणि त्याच्या आईबापांपैकी एक चक्क ती बदनाम ‘हिमालया’. १९४५ साली वाल्डो यांनी ‘चेहेलम’ आणि ‘ओलाली’ यांचा संकर केला. रोपं मेरियन परगण्यात वर्षानुवर्षं तपासली, आणि १९५६ साली ‘मेरियन’ वाण प्रसारित झाला. संकर ते प्रसारण, अकरा वर्षं. चवीत त्याला तोड नाही असं तिकडचे लोक म्हणतात. २०१७ साली ओरेगॉनच्या विधिमंडळाने मेरियनबेरीचा ‘पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ राज्याचा अधिकृत ‘पाय’ म्हणून जाहीर केला. ज्या काट्यांनी त्या राज्याला छळलं, त्यांचंच रक्त त्याच्या लाडक्या फळात आहे.

पण मेरियन नाजूक आहे. दूर पाठवता येत नाही, म्हणून बहुतेक पीक गोठवलं जातं. आणि ती काटेरी आहे. यंत्र ओळीवरून जाताना वेल हलवतं, फळांबरोबर काटेही गळतात, आणि एखादा काटा खाणाऱ्याच्या घासात येतो. त्यामुळे बिनकाट्याचा वाण हवा होता. बिनकाट्याची लोगनबेरी तर आधीपासून होती. तिच्या एका फांदीवर आपोआप काटे आले नाहीत आणि ती फांदी कुणीतरी वाढवली होती. अडचण अशी की तो बदल झाडाच्या फक्त वरच्या थरात झाला होता. काटे वरच्या थरातून येतात, पण बीज आणि पराग त्याखालच्या थरातून तयार होतात, आणि तो थर जुनाच, काटेरी झाडाचा होता. म्हणून संकरात काटे परत यायचे, आणि मुळापासून फुटलेला धुमाराही काटेरी निघायचा. १९८० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ऊतीसंवर्धनाने त्या वरच्या थरातूनच संपूर्ण रोप वाढवलं. त्याचं नाव ‘लिंकन लोगन’. आता आत-बाहेर सगळं झाड बिनकाट्याचं होतं आणि तो गुण पुढच्या पिढीत जाऊ लागला. तिथली संतती ओरेगॉनला आली, आणि तिथले संशोधक चॅड फिन यांच्या गटाने २००५ साली ‘ब्लॅक डायमंड’ आणि पुढे २०१४ साली ‘कोलंबिया स्टार’ हे वाण दिले. सांताक्रूझच्या न्यायाधीशांच्या बागेतलं एक रोप न्यूझीलंडच्या प्रयोगशाळेतून फिरून पुन्हा अमेरिकेच्या शेतात आलं. या प्रवासाला १३० वर्षं लागली.

इतर नावं भराभर सांगते. स्कॉटलंडमध्ये डेरेक जेनिंग्ज यांनी १९७९ साली टेबेरी आणली, टे नदीच्या नावाची. अर्कान्सा विद्यापीठाने १९६४ पासून ताठ वाढणाऱ्या वाणांवर काम केलं. तिथल्याच ‘प्राइम-जिम’ आणि ‘प्राइम-जॅन’ या २००४ च्या वाणांनी पहिल्याच वर्षीच्या फांदीला फळ देऊन दोन वर्षांचा जुना नियम मोडला. ब्राझीलच्या सरकारी कृषी संस्थेचा ‘तुपी’ कमी थंडीतही येतो. तो मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत गेला, आणि तिथे पानं झडवून झाडाला फुलायला लावायचं तंत्र बसलं. अमेरिकेत ऐन हिवाळ्यात ब्लॅकबेरी मिळते ती यामुळे. बाजारासाठी हे उत्तम झालं. चवीसाठी झालं असं मला वाटत नाही. वाण निवडताना कडकपणा आणि टिकाऊपणा पुढे आले आणि वास मागे पडला.

शेवटी आपल्याविषयी. रुबसची जंगली भावंडं आपल्या सह्याद्रीतही आहेत. महाबळेश्वरच्या जंगलात गौरीफळ मिळतं, शास्त्रीय नाव रुबस निव्हियस. खोडावर पांढुरकी पूड, पानांची मागची बाजू चंदेरी, आणि फळ पिकताना लाल होऊन शेवटी काळं-जांभळं होणारं. खुडलं की पोकळ, म्हणजे ही रासबेरीची बाजू. थंडीची या झुडपाला फारशी गरज नाही, म्हणून दक्षिण फ्लोरिडात लोक ‘मायसोर रासबेरी’ म्हणून ते परसात लावतात. गालापागोस बेटांवर मात्र त्यानेही तेच केलं जे ‘हिमालया’ने ओरेगॉनमध्ये केलं. कॉर्व्हालिस इथे जगभरच्या रुबसचा एक जिवंत संग्रह सरकारी खर्चाने जपला जातो, आणि जगातले संशोधक तिथून काड्या मागवतात. आपल्याकडे कुणाला गौरीफळाची काडी हवी असेल तर त्याने कुणाकडे मागावी?

म्हणून कृषी विद्यापीठांतल्या आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. सह्याद्रीच्या उत्तरेकडच्या घाटांपासून दक्षिणेकडच्या तिलारीपर्यंत गौरीफळ आणि त्याची भावंडं कुठे कुठे आहेत याच्या नोंदी करा. कुठल्या झुडपाची फळं मोठी, कुठलं लवकर पिकतं, कुठल्यावर रोग येत नाही, हे तारखेसह लिहून ठेवा. त्यांच्या काड्या एका जागी लावून जपा. फळातले तंतू, साखर आणि क जीवनसत्त्व मोजा, आणि ते आकडे कुणालाही पाहता येतील असे छापा. आणि तुमच्या वाफ्यात शंभर रोपांतलं एखादं वेगळं निघालं, तर ते उपटू नका.